सव्वासातची नानी

रविवारी सकाळी सव्वासातला बाबांचा फोन वाजला तेव्हा मी शावरखाली होते आणि पाणी घोट्याच्या हाडापर्यंत आलं होतं. बाबांना जाऊन सोळा आठवडे झाले होते. फोन मात्र चालू ठेवावा लागत होता, कारण गॅस, बँक, वीजबिल, आईच्या पेन्शनचे कागद, सगळीकडे तोच नंबर दिलेला होता. तो टीव्हीशेजारी चार्जिंगला लावलेला असायचा. दर रविवारी सव्वासातला त्यावर गजर व्हायचा. कंडक्टरच्या शिट्टीसारखा दोन तुकड्यांतला आवाज बाबांनी स्वतः निवडला होता. पडद्यावर एकच शब्द यायचा: नानी. पहिल्या रविवारी मी त्या शब्दाकडे बराच वेळ बघत राहिले होते. आमच्या घरात नानी कोणीच नव्हती. बाबांच्या आईला सगळे माय म्हणायचे, आईच्या आईला आजी, आणि दोघींना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. फोनमधली नावं मी एकदा वरपासून खालपर्यंत बघितली. नानी नावाचा नंबर नव्हता. चोवीस वर्षं यवतमाळ डेपोत कंडक्टर असलेला माणूस कुठल्याही थांब्यावर कोणाकडेही उतरू शकतो, असं माझ्या मनात आलं, आणि त्याचं मला काहीच वाटलं नाही. काही वाटत नाही याची मी नोंद घेतली. मग 'बंद' वर बोट ठेवलं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. गजर कायमचा काढून टाकणं दोन बोटांचं काम होतं आणि ते मी केलं नाही.

त्या रविवारी मात्र मी ओली होते, डोक्याला साबण होता, आणि आई बाहेरच्या खोलीत असूनही फोन बंद करत नव्हती. शिट्टी वाजत राहिली. मी नळ बंद करून ऐकत उभी राहिले. पायाखालचं पाणी हलत नव्हतं. त्यावर साबणाची राखाडी साय आली होती, आणि माझ्या डोळ्यांदेखत ती दाराच्या उंचवट्यावर चढली, क्षणभर थांबली आणि पलीकडे उतरली. दाराबाहेर बाबांच्या निळ्या रबरी चपला होत्या. त्या कोणी उचलल्या नव्हत्या. ठेवल्या होत्या असंही नाही, नुसत्या होत्या. पाण्याने आधी डावी उचलली, मग उजवी, आणि दोन्ही चपला एकामागे एक खोलीत निघाल्या. शिट्टी थांबली. मी अंगाला टॉवेल गुंडाळून दारात आले तेव्हा आई खुर्चीवर बसून त्या चपलांकडे बघत होती, येणाऱ्या माणसाकडे बघावं तशी.

"पाणी आलं," ती म्हणाली.

"हो. पुसते मी."

"पुस. पाय घसरन कोणाचा."

मोरी तुंबायला लागली ती सप्टेंबरच्या शेवटी. मी मातीच्या रसायनशास्त्रात एमएस्सी केलं आहे आणि मोजल्याशिवाय मला कुठलीही गोष्ट घडली असं वाटत नाही. त्यामुळे माझ्याकडे आकडे होते. एक बादली पाणी निघून जायला सप्टेंबरअखेर एक मिनिट चाळीस सेकंद. दसऱ्याला आम्ही दीक्षाभूमीला जाऊन आलो, त्या आठवड्यात तीन मिनिटं. दिवाळीच्या सुट्टीत सहा. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी अकरा मिनिटं वीस सेकंद. हे सगळं मी वहीच्या मागच्या पानावर लिहीत होते आणि त्याचा आलेखही काढला होता. आलेखाचं काय करायचं ते मला माहीत नव्हतं. पण ही एकच गोष्ट घरात बदलत होती आणि तिचा वेग सांगता येत होता. बाकी सगळ्याला लोक 'धक्का' म्हणत होते. आई एकाच भाजीत दोनदा मीठ घालायची: धक्का बसला तिले. शेजारच्या हंसाबाईला हंसाबाईच्याच मेलेल्या सासूच्या नावाने हाक मारायची: धक्का हो, दुसरं काय. माझं म्हणाल तर मी एकदाही रडले नव्हते. दाढ काढताना सुई देतात, त्यानंतर आपलाच गाल आपण बोटाने दाबून बघतो आणि तो दुसऱ्या कोणाचा तरी लागतो, तसं ऑगस्टपासून चाललं होतं. मी रोज दाबून बघत होते. बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मंडपात तीनशे माणसं होती आणि मी खुर्च्यांच्या रांगा मोजल्या होत्या.

मला दोन जानेवारीला हैदराबादला एका संशोधन संस्थेत रुजू व्हायचं होतं. पाच वर्षांचं काम, काळ्या मातीवर. जुलैमध्ये निवड झाली तेव्हा बाबांनी कॉलनीभर पेढे वाटले होते. ते गेल्यावर मी एकदा मुदत वाढवून मागितली, संस्थेतल्या बाईंनी ईमेलवर ती दिली आणि खाली लिहिलं की यापुढे वाढवता येणार नाही. आई म्हणत होती, "तू जाय. मी राह्यतो एकटी. मले काय धाड भरली?" हंसाबाई येऊनजाऊन बघणार होती. बॅग पलंगाखाली अर्धी भरलेली होती. म्हणजे सगळं ठरलेलं होतं. फक्त बाथरूमचं पाणी जात नव्हतं, आणि हे असं ठेवून जाता येणार नाही, तेवढं करून जावं, असं मी पंधरा दिवस स्वतःला सांगत होते.

खोली पुसून झाल्यावर मी कामाला लागले. कपडे खराब नकोत म्हणून दाराआडच्या खुंटीवरचा बाबांचा खाकी शर्ट घातला आणि ओल्या केसांना टॉवेल बांधला. शर्टाच्या खिशात अजून पंचिंगच्या जुन्या तिकिटांचा कागदी चुरा होता. आधी उकळतं पाणी ओतलं. काही नाही. मग खायचा सोडा आणि व्हिनेगर. मोबाईलवर सगळे हेच सांगतात. दोन्ही एकमेकांना मारतात आणि खाली उरतं ते थोडं मीठ आणि पाणी, हे मी अकरावीच्या मुलांना शिकवते, तरीही ओतलं, कारण फेस बघायला बरं वाटतं. तो धुऊन काढला आणि मग बाथरूम धुवायचं ॲसिड. जाळीवर बारीक बुडबुडे आले आणि बसले. केस किंवा साबण असता तर एवढेही आले नसते. खाली चुन्याचा काहीतरी अंश होता. हे मला दिसलं, मी त्याची नोंद केली, आणि त्याचा अर्थ काय असेल तिकडे मन गेलं नाही. गिझरमागे खिळ्याला सायकलच्या चाकाची तार वाकवून केलेला एक आकडा टांगलेला होता. वर्षभर तरी तो तिथे बघत होते. टॉवेलसाठी असेल असं वाटायचं. तो घेऊन जाळी उचकटायचा प्रयत्न केला, पण जाळी हलली नाही, आणि आकड्याचं टोक जाळीच्या कडेच्या एका खाचेत इतकं नेमकं बसलं की मी हात काढून घेतला.

बाबा रविवारी मला पोह्यांना पाठवायचे. हे मला त्या खाचेकडे बघताना का आठवलं ते तेव्हा कळलं नाही. आर्णी रोडच्या कोपऱ्यावर भागीरथाबाईची गाडी असते, तिच्याकडचे तर्री पोहे. बाबा सात वाजताच डबा हातात द्यायचे. "तर्री अलग आणजो. अन् घाई करू नको, ताजे काढू दे तिले." घर ते गाडी सात मिनिटं, परत सात, गर्दी असली तर वर पंधरा. एकदा गर्दी नव्हती आणि मी वीस मिनिटांत परत आले. दाराला आतून कडी होती. बऱ्याच वेळाने बाबांनी उघडली. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हात कोपरापर्यंत ओले, नखं काळी. "पाय धूत होतो," ते म्हणाले, आणि डब्याकडे बघून, "एवढ्या लवकर? शिळे तर नाही दिले तिनं?" मी तेव्हा एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. पाय धुणारा माणूस कोपरापर्यंत का ओला, हा प्रश्न मला पडायला हवा होता. प्रयोगशाळेत पडला असता. घरात आपण निरीक्षणं करतो, पण त्यांचं काही करत नाही. ती तशीच साठत जातात. आई त्या दिवशी मागच्या अंगणात केस वाळवत बसली होती. तिचे केस तेव्हा फार मऊ झाले होते, आणि मी त्यात नाक खुपसून विचारलं होतं, कोणता शांपू गं. ती हसली होती. "तुह्या बाबाले विचार."

आठ वाजता मी लखीरामच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले, त्याच खाकी शर्टात. लखीराम नुकताच शटर उघडून अगरबत्ती फिरवत होता.

"काका, बाथरूमचं पाणी तुंबतंय. काही पावडर वगैरे आहे का?"

"पावडरीनं काय होते? पावडर टाकू टाकू पाइप जाते. नानी उघडून पाह्यली का?"

मी त्याच्याकडे बघत राहिले. "काय?"

"नानी, नानी. नानी ट्रॅप." त्याने अगरबत्ती काउंटरच्या फटीत खोचली आणि मागच्या खोक्यातून एक राखाडी प्लास्टिकचं भांडं काढून माझ्यापुढे ठेवलं. वर जाळी, जाळीखाली पालथी वाटी, वाटीभोवती पाणी राहायला जागा. "मोरीच्या तोंडाशी बसवते हे. खालचा वास वर येऊ देत नाही. अन् घरातल्या म्हातारीसारखं हाये पाहा याचं. सगळ्याइचं पोटात घेते, बोलत नाही. एक दिवस मंग तुंबते." तो स्वतःच हसला. मी हसले नाही तेव्हा त्याने मान वाकडी करून विचारलं, "काहून, नानी कोणी वारली का तुमची?"

"हिला नानी का म्हणतात?"

"आता मले काय माहीत? खोक्यावर नहानी लिवलं राह्यते. आमच्या तोंडात नानी बसली."

म्हणजे न्हाणी. आपल्या न्हाणीघरातला शब्द कुठल्यातरी कंपनीच्या इंग्रजी खोक्यावर जाऊन नहानी झाला, आणि आर्णी रोडला परत येईपर्यंत नानी. मला हे समजलं आणि त्यामागोमाग बाकीचंही समजायला हवं होतं, पण मी तिथेच, शब्दाच्या प्रवासाशीच, थांबले होते. मला तिथे थांबायचं होतं. लखीरामने माझ्या शर्टाकडे बघितलं.

"तुम्ही कंडक्टरसाहेबाची पोरगी ना? मैत्रेयी? मंग तुमच्या घरी नानी कशी तुंबन? साहेब तर मास्टर होते नानीचे. दर दोन-तीन महिन्याले नवी जाळी न्याचे. घासू घासू भोकं मोठे करून टाकत. वाटी काढाले आकडा बी इथंच बसून वाकवला त्याइनं, ह्या स्टुलावर. म्या म्हटलं एक दिवस, साहेब, घरात बाथरूम हाये का वावर? एवढी माती येते कुठून? तं म्हणे, लखीराम, बुढापकाळात शेती करून राह्यलो, बाथरूमात."

"माती?"

"काळी माती. जाळी बदलाले आणत ना जुनी, तिले लागली राहे. चिकट."

"हे कधीपासून?"

"दोन वर्स तं झाले असन. तुमच्या हैद्राबादचे पेढे यंदा आणले होते त्याइनं, त्याच्या कितीक पह्यलेपासून." मग त्याने आवाज उतरवला. "चांगला माणूस होता. जाळी देऊ का नवी?"

मी जाळी घेतली. घरी येताना पिशवीत ती एकटीच खडखडत होती. भागीरथाबाईच्या गाडीवर गर्दी होती आणि तिने झारा वर करून मला हाक मारली, "काय वं, बंद केलं का पोहे खाणं?" मी हात हलवला. मी चालताना आठवडे मोजत होते. दोन वर्षं म्हणजे शंभर रविवार. त्यातले सुट्ट्यांचे, परगावचे, पावसाचे वजा करून ऐंशी धरले तरी ऐंशी वेळा मी डबा घेऊन या रस्त्याने गेले होते, आणि ऐंशी वेळा आतून कडी लागली होती.

आई खुर्चीवर नव्हती. मागच्या अंगणात तिच्या बांगड्या वाजत होत्या. मी तशीच बाथरूममध्ये गेले, उकिडवी बसले, आकडा त्या खाचेत घातला आणि उलट्या बाजूने दाबला. जाळी डबीच्या झाकणासारखी उघडली. खालची वाटी दिसतच नव्हती. सगळं भांडं काठोकाठ काळ्याने भरलं होतं. बोट घातलं. ते लोण्यासारखं गेलं आणि बाहेर काढलं तेव्हा बोटाला चकाकी होती. मी अंगठ्याने ते तर्जनीवर पसरवलं. फीत तुटली नाही, लांबत गेली, दीड इंच, दोन इंच. शेतात गेलो की सर हेच पहिल्यांदा करायला लावायचे: ओली माती दोन बोटांत धरा आणि फीत किती लांब होते ते बघा. ही आमच्या भागातली कापसाची काळी माती होती. पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि तिच्यात चुनखडीचे बारीक खडे असतात, ज्यांनी सकाळी ॲसिडवर बुडबुडे काढले होते. हिच्यावर मी दोनशे पानांचा प्रबंध लिहिला होता. हिच्यावरच पुढची पाच वर्षं काम करायला हैदराबादला जाणार होते. ती माझ्या पायाखाली होती आणि मी तिच्यावर सोडा ओतला होता.

आकड्याने मी ती एका बाजूने कापून काढली, वडी काढावी तशी. कापलेल्या बाजूला थर होते. काळा, मग साबणाचा राखाडी, पुन्हा काळा, पुन्हा राखाडी. तळ्याच्या तळाशी साठलेला गाळ कापला की दिसतात तसे स्वच्छ, वेगळे थर. मी खालून वर मोजायला लागले. माझं बोट बाराव्या थरावर होतं तेव्हा मला आठवलं की शनिवारी मी क्लासवर असते, दुपारी दोन ते सहा. सोळा काळे थर होते. त्याखाली भांड्याचा तळ लख्ख होता, घासलेला, बाबांच्या शेवटच्या रविवारचा.

लहानपणी आई मला तिच्या गावच्या गोष्टी सांगायची. घाटंजीच्या पलीकडे, नदीच्या थोडं वर तिचं गाव. शनिवारी सगळ्या पोरी नदीवर जायच्या. साबण कोणाकडे होता? काठची चिकट माती टोपल्यात भिजत घालायची, खडे निवडायचे, आणि केसांना चोपडायची. वाळली की डोकं दगडासारखं जड व्हायचं आणि पोरी एकमेकींना टकरा द्यायच्या. मग पाण्यात बुडी मारायची. "असे मऊ व्हायचे बाई केस, सशावानी." ती हे सांगायची तेव्हा हसायची, शांपूची बाटली हातात असायची, आणि ते सगळं फार लांबचं, संपलेलं असायचं. आता ते लांबचं राहिलं नव्हतं. मधली पन्नास वर्षं विरघळून गेली होती आणि शनिवारची दुपार तेवढी तळाशी बसली होती. मागच्या अंगणातल्या कुंड्यांमधली माती दर महिन्याला खाली जात होती. शेवंतीची मुळं उघडी पडलेली मी बघितली होती. मी खारीला दोष दिला होता. टॉवेलवरचे काळे डाग, आईच्या उशीचा पावसात भिजलेल्या जमिनीसारखा वास, हंसाबाईला मारलेली चुकीची हाक. एकेक निरीक्षण माझ्याकडे होतं. बाबा गेल्यावर त्या सगळ्याला एक सोपं नाव मिळालं होतं, आणि मी ते वापरलं. त्यांनी मात्र दोन वर्षं हे उकरून काढलं होतं, डब्यासकट मला बाहेर पाठवून, कडी लावून. आमच्याकडची मोरी कधी तुंबत नाही, असं मी मैत्रिणींना सांगायचे. ती तुंबत होती. दर आठवड्याला तुंबत होती.

मला काहीतरी व्हायला हवं होतं. मी वाट बघितली. हात गार होते, गुडघे दुखत होते, खाकी शर्टाच्या बाह्या ओल्या होऊन कोपराला चिकटल्या होत्या. बाकी काही नाही. मी वाटी काढली, घासली, भांडं हाताने रिकामं केलं. माती बादलीत जमा केली, कारण ती पुन्हा मोरीत टाकायची नसते.

"अवो."

मी मागे वळले नाही. आई मला तू म्हणते. रागावली की बाई म्हणते, फार लाडात आली की माय. अवो ती आयुष्यात एकाच माणसाला म्हणाली.

"अवो, झाली का नानी साफ?"

माझी पाठ दाराकडे होती. अंगात खाकी शर्ट, डोक्याला टॉवेल. बादलीच्या कडेला तिची सावली हलत होती.

"झालीच," मी म्हणाले. आवाज माझाच होता, तिला चालला.

"आटपा ना मंग. पोरगी येईन आता पोहे घेऊन."

"हो."

 ती भिंतीला टेकल्याचा आवाज आला. "म्या कायले करतो हो असं? सोडून दे, सोडून दे, म्हणतो मनाले. अन् पाह्यतो तं हात मातीतच." तिने बांगड्या मागे सारल्या. "तुमाले तरास."

"काही त्रास नाही."

"तिले नका सांगू बरं."

मी नवी जाळी हातात घेतली. तिला अजून किमतीचा कागद चिकटलेला होता. तो नखाने खरवडायला लागले.

"मैत्रेयीले नका सांगू," ती पुन्हा म्हणाली, आता हळू, शिकवल्यासारखं. "समजलं तं जाणार नाही ते मंग. इथंच बसन माह्यापाशी. वाया जाईन पोरगी. तुम्ही शब्द देल्ला होता मले."

कागद निघाला. खालचा डिंक निघत नव्हता.

"नाही सांगत," मी म्हणाले.

"हां," ती म्हणाली, आणि तिने सोडलेला श्वास मला ऐकू आला. मग तिची पावलं बाहेरच्या खोलीत गेली, खुर्ची करकरली.

मी वाटी बसवली, जाळी बसवली, बादलीभर स्वच्छ पाणी घेतलं आणि फोनवर सेकंद लावून ओतलं. पाणी जाळीभोवती एकदा फिरलं, मधोमध खळगा पडला, आणि घशातून काढल्यासारखा आवाज करत सगळं खाली गेलं. अठ्ठेचाळीस सेकंद. मी ते वहीत लिहिलं. आलेखाची रेघ इतका वेळ वर चढत गेलेली, ती आता एकदम खाली आणायला हवी होती. पानावर तेवढी जागा नव्हती. हैदराबादच्या बाईंचा ईमेल फोनमध्ये होता, त्यातली दोन तारीख, आणि खालचं ते वाक्य. दोन माणसांनी मिळून दोन वर्षं एक गोष्ट माझ्यापासून लपवली होती, कारण मला कळलं तर मी काय करेन याचा त्यांनी एक अंदाज बांधला होता. मी माझ्या बाजूने तो तपासून बघितला. हंसाबाईला मध्ये धरून बघितला, माणूस कामाला ठेवून बघितला, आईला हैदराबादला नेऊन बघितला, जिथे अंगणही नसेल आणि कोणी तिच्या ओळखीचं बोलणारही नसेल. प्रत्येक वेळी एक माणूस कमी पडत होता. या कामाला दोघं लागतात: एक नानी काढायला आणि एक पोह्यांना पाठवायला.

आईचा अंदाज बरोबर होता.

बाबांचा फोन चार्जिंगवरून काढून मी तो गजर उघडला. रविवार, सव्वासात, नानी. तो तसाच ठेवला. मग माझ्या फोनमधलं दोन जानेवारीच्या गाडीचं तिकीट रद्द केलं. फोनने विचारलं, नक्की का, आणि मी हो म्हटलं. दोन्ही फोन टीव्हीशेजारी ठेवले. आई खुर्ची दाराकडे वळवून बसली होती. तिच्या मांडीवर दोन्ही हात होते, नखांत काळी रेघ.

"कशी नाही आली वं अजून?" ती रस्त्याकडे बघत म्हणाली. कोणाला म्हणाली ते कळलं नाही.

मी बाबांच्या चपला पुसून दाराबाहेर ठेवल्या, स्वयंपाकघरात जाऊन डब्यातून तीन मुठी पोहे चाळणीत घेतले आणि नळाखाली धरले.

"गर्दी असेल भागीरथाबाईकडे," मी आतून म्हणाले. "येईलच."